एसएमटी (बोर्डाच्या पृष्ठभागावर भाग बसवायच्या) लाइनचं स्टोअर: प्रकल्प नोंदी, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

८ एप्रिल: जागा

शेडच्या उत्तरेकडची १२ बाय १५ फुटांची खोली स्टोअरला दिली. पश्चिमेची खोली मोठी आहे, पण तिची भिंत रात्री उशिरापर्यंत गरम राहते आणि वर नुसता पत्रा आहे. उत्पादन शेतीपंपाच्या स्टार्टर बोर्डांचं. त्यामुळे स्टोअरमध्ये येणारा माल ठरलेला: रीलवरचे रेझिस्टर-कपॅसिटर, ट्रे आणि ट्यूबमधले आयसी (चिप), रिले, कनेक्टर, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, कोरे पीसीबी (भाग न बसवलेले बोर्ड), सोल्डर पेस्ट (भाग जोडायचा सोल्डरचा लगदा), तयार बोर्ड.

पत्र्याखाली उघडं थर्मोकोल लावायचं नाही. त्याचे कण सुटतात, त्यावर स्टॅटिक (स्थिर वीज) भरपूर साचतं आणि उंदीर ते कुरतडतात. रॉकवूल आणि खालून जिप्समचं सीलिंग, सांधे बंद. खिडकी विटांनी बुजवायची. आजूबाजूला यंत्रमाग आहेत, सुताची कीस हवेबरोबर आत येते आणि ओल धरते. दाराला खालून ब्रश-पट्टी.

११ एप्रिल: कूलरचा प्रस्ताव नाकारला

एसीऐवजी डक्टचा कूलर बसवावा, बिल कमी येईल, असा प्रस्ताव आला होता. सोबत नेहमीचा युक्तिवाद: सोलापूरची हवा मुळात कोरडी, दमट हवेची भीती मुंबईकरांना.

हिशेब मांडून ठेवतो, कारण हा मुद्दा दर उन्हाळ्यात पुन्हा निघणार. दुपारी बाहेर ४२ अंश आणि २० टक्के सापेक्ष आर्द्रता धरली, तर त्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला बाष्पाचं दव होतं) १४ अंशांच्या थोडा वर येतो. तीच हवा पाणी न घालता नुसती २४ अंशांवर आणली तर आर्द्रता ५५ टक्के होते. बाष्प तेवढंच, हवा थंड झाली एवढाच फरक. कूलर तर त्यात पाणी घालतो. चांगल्या पॅडचा कूलर ही हवा २७ अंशांच्या आसपास आणेल, पण आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर जाईल. माणसाला ती झुळूक बरी वाटते. आयसीच्या प्लॅस्टिक अंगात मात्र तेच पाणी शिरतं.

ओलाव्याला जपायच्या भागांसाठी उद्योगात चालतं ते मानक जे-एसटीडी-०३३. पिशवी उघडल्यावर भाग किती वेळ बाहेर चालेल याचे त्यातले तास ३० अंश आणि ६० टक्के ही कमाल परिस्थिती धरून दिलेले आहेत. कूलरच्या खोलीत आर्द्रतेची अट मोडते, बिनएसीच्या खोलीत तापमानाची. दोन्हीकडे लेबलावरचे तास लागू राहत नाहीत, कमी होतात.

निर्णय: दीड टनाचे दोन एसी, आलटून पालटून. खोली २२ ते २६ अंश, आर्द्रता ४० ते ५५ टक्के. ३० टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही, तिथून स्टॅटिकचा त्रास वाढतो.

१९ एप्रिल: आर्द्रतामापक

बाजारातून आणलेले तीन डिजिटल मापक एकाच टेबलावर ठेवले तर तिघांचे आकडे वेगळे. मिठाची चाचणी घेतली. बाटलीच्या झाकणात खायचं मीठ, त्यावर थेंब थेंब पाणी. मीठ ओल्या वाळूसारखं दिसलं की पुरे, वर पाणी तरंगता कामा नये. झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात, रात्रभर, खोलीचं तापमान स्थिर. २५ अंशांना आत ७५ टक्के आर्द्रता होते. मापक जेवढा चुकेल तेवढा फरक त्याच्या पाठीवर चिकटपट्टीवर लिहायचा. पाच टक्क्यांहून जास्त चुकणारा बाद.

ही चाचणी ७५ टक्क्यांपुरतीच खरी. असले मापक २० टक्क्यांखाली कामाचे नसतात, म्हणून ते ड्राय कॅबिनेटमध्ये (हवा अतिकोरडी ठेवणाऱ्या कपाटात) ठेवून खात्री करून घेऊ नये. कॅबिनेटला कमी आर्द्रतेसाठीचा, कॅलिब्रेशनचा दाखला असलेला सेन्सरच लागतो.

२६ एप्रिल: अर्थिंग आणि मॅट

स्टोअरच्या टेबलावर दोन थरांची डिसिपेटिव्ह (स्टॅटिक हळूहळू वाहून नेणारी) मॅट. मॅटला स्नॅप, स्नॅपपासून कॉमन पॉइंट, तिथून विजेच्या अर्थला. रिस्ट स्ट्रॅपचीही (मनगटाच्या पट्ट्याची) तार त्याच कॉमन पॉइंटला. स्ट्रॅपच्या दोरीत १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो. तो माणसाला शॉकपासून वाचवण्यासाठी आहे, तो काढून 'डायरेक्ट' तार जोडायची नाही.

मर्यादा: स्ट्रॅप घातलेल्या माणसासह रोजची चाचणी ३५ मेगाओहमच्या आत, मॅटपासून अर्थपर्यंत १ गिगाओहमच्या आत. आयईसी ६१३४०-५-१ मध्ये हेच आकडे आहेत. हात उन्हाळ्यात फार कोरडे असले तर स्ट्रॅप चांगला असूनही चाचणी नापास होते. मनगट ओल्या फडक्याने पुसून पुन्हा बघायचं, पट्टा सैल आहे का तेही.

अर्थ-पिटचं वाचन मात्र मे महिन्यात वाढणारच. खाली मुरूम आणि काळा दगड, वरची ओल गेलेली. पिटला आठवड्यातून दोनदा पाणी घालायचं काम वॉचमनमामांकडे दिलं आणि ज्या दिवशी नळाला पाणी येतं तेच दिवस ठरवले, म्हणजे विसर पडत नाही.

३ मे: पिशव्या

स्टोअरमध्ये तीन प्रकारच्या पिशव्या येतात आणि तिन्हींना सगळे 'अँटिस्टॅटिक' म्हणतात. फरक भिंतीवर लिहून लावला.

गुलाबी पॉलिथिन: स्वतः चार्ज कमी धरते, बाहेरून आलेला झटका अडवत नाही. स्क्रू, केबल, माहितीपत्रकं यांना ठीक. आयसीला नाही.

करड्या चंदेरी, आरपार दिसणाऱ्या शील्डिंग पिशव्या: झटका अडवतात, ओलावा अडवत नाहीत. तयार बोर्ड यातच. घडी पडून धातूचा थर तडकला किंवा टोचून भोक पडलं की शील्डिंग गेली, ती पिशवी पुन्हा वापरायची नाही. स्टेपलर मारायचा नाही. चलन आतही टाकायचं नाही, बाहेर चिकटवायचं.

जाड, आरपार न दिसणाऱ्या ओलावारोधक पिशव्या: झटका आणि बाष्प दोन्ही अडवतात. ओलाव्याच्या पातळीचं (भाग ओलाव्याला किती नाजूक ते सांगणाऱ्या आकड्याचं) लेबल असलेला माल यातच येतो. आत सिलिका जेल किंवा क्लेची पुडी आणि ओलावा दाखवणारं ठिपक्यांचं कार्ड असतं.

एक बारीक गोष्ट. ज्या बोर्डावर नाण्याएवढा लिथियम सेल बसवलेला आहे तो काळ्या कार्बनच्या पिशवीत किंवा काळ्या कंडक्टिव्ह फोमवर ठेवायचा नाही. तो फोम वीज वाहतो आणि सेल हळूहळू उतरतो. बोर्ड ग्राहकाकडे जाईपर्यंत घड्याळ बंद, आणि दोष मग सेलच्या नावावर.

१४ मे: ओलाव्याच्या पातळ्या आणि तासांची चिठ्ठी

या कामातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि हयगयही इथेच सगळ्यात जास्त होते.

आयसीचं काळं अंग प्लॅस्टिकचं असतं आणि हवेतलं पाणी शोषतं. रीफ्लो ओव्हनमध्ये (बोर्डावरचं सोल्डर वितळवणाऱ्या भट्टीत) बिनशिशाच्या सोल्डरला २४० ते २५० अंश लागतात. आतल्या पाण्याची काही क्षणांत वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते. प्लॅस्टिक आणि आतली चिप यांच्यामधले थर सुटतात, कधी अंगालाच तडा जातो. तडा दिसला तर नशीब. बरेचदा बोर्ड चाचणीत पास होतो आणि काही महिन्यांनी शेतातल्या स्टार्टरमध्ये बंद पडतो.

पिशवी उघडल्यावर ३० अंश, ६० टक्क्यांच्या आत मिळणारा वेळ: पातळी १ ला मर्यादा नाही. २ ला एक वर्ष. २ए ला चार आठवडे. ३ ला १६८ तास. ४ ला ७२ तास. ५ ला ४८ तास. ५ए ला २४ तास. ६ वाला भाग वापरण्याआधी बेक करायचाच (उष्णतेने वाळवायचाच) आणि लेबलावरच्या वेळेत संपवायचा. आपल्याकडचे मायक्रोकंट्रोलर आणि बहुतेक एलईडी पातळी ३ चे.

१६८ तास म्हणजे सात दिवस, सात शिफ्ट नव्हे. रील रात्री फीडरवर (मशीनला रील जोडतात तिथे) राहिली तर रात्रही मोजली जाते. म्हणून प्रत्येक रीलला चिठ्ठी: भाग क्रमांक, पातळी, पिशवी उघडल्याची तारीख आणि वेळ, कॅबिनेटमध्ये ठेवली ती वेळ, काढली ती वेळ, उरलेले तास. उरलेले तास पेन्सिलने नाही, पेननेच लिहायचे.

पिशवी उघडताच आधी कार्ड बघायचं, मग फोन. कार्ड खोलीच्या हवेतही रंग बदलतं, अर्ध्या तासाने पाहिलेलं कार्ड काहीच सांगत नाही. ५, १० आणि ६० टक्क्यांचे तीन ठिपके असतात. पातळी २ च्या मालात ६० चा ठिपका ओला दिसला तर बेकिंग. २ए ते ५ए मध्ये ५ चा ओला आणि १० चाही कोरडा नसेल तर बेकिंग. जुन्या कोबाल्टच्या कार्डात कोरडा निळा, ओला गुलाबी. बिनकोबाल्टच्या कार्डात रंग वेगळे असतात, म्हणून पाठांतर नको, कार्डावरच छापलेलं वाचायचं.

२२ मे: ड्राय कॅबिनेट

सहा दारांचं कॅबिनेट बसलं. अंग कंडक्टिव्ह रंगाचं, अर्थची तार वेगळी. आतली हवा अतिकोरडी असल्यामुळे स्टॅटिकचा धोका बाहेरपेक्षा आतच जास्त, म्हणून साध्या पावडर कोटिंगचं स्वस्त कपाट नको म्हटलं होतं. आत हात घालताना स्ट्रॅप हवाच.

५ टक्के किंवा त्याखालचं कॅबिनेट सीलबंद पिशवीच्या बरोबरीचं धरतात. त्यात तासांचं घड्याळ थांबतं. थांबतं, मागे जात नाही. दहा टक्क्यांचं कॅबिनेट मात्र सीलबंद पिशवीच्या बरोबरीचं धरत नाहीत.

घड्याळ शून्यावर आणायची एक सवलत आहे, ती फक्त थोडा वेळ बाहेर राहिलेल्या मालाला. पातळी २, २ए, ३ चा कोरडा माल जास्तीत जास्त १२ तास बाहेर राहिला असेल तर त्याच्या पाचपट वेळ १० टक्क्यांच्या आत ठेवला की तास पुन्हा पहिल्यापासून. आठ तास बाहेर तर चाळीस तास आत. पातळी ४, ५, ५ए ला मर्यादा ८ तासांची, दहापट वेळ आणि ५ टक्के. ही मर्यादा ओलांडली की सवलत संपली.

मालाचा पुठ्ठ्याचा खोका, फोम, कागदाच्या पावत्या कॅबिनेटमध्ये नाहीत. पुठ्ठा स्वतः पाणी धरून असतो आणि कॅबिनेट आधी त्यालाच वाळवत बसतं.

३ जून: बेकिंगचं कोष्टक

तास उलटलेल्या मालासाठी. पातळी ३, अंगाची जाडी १.४ मिलिमीटरपर्यंत, वेळ ७२ तासांहून जास्त उलटलेला: १२५ अंशांना ९ तास, किंवा ९० अंश व ५ टक्के आर्द्रतेच्या आत ३३ तास, किंवा ४० अंश व ५ टक्क्यांच्या आत १३ दिवस. त्याहून जाड, २ मिलिमीटरपर्यंतच्या अंगाला १२५ अंशांना २७ तास.

रील, तिची टेप आणि प्लॅस्टिकच्या ट्यूब ४० अंशांपुढे न्यायच्या नाहीत. टेप वाकते, वरची फिल्म चिकटते किंवा सुटते आणि पिक-अँड-प्लेस मशीन भाग उचलत नाही. म्हणजे रीलवरचा माल एकदा ओला झाला की १३ दिवस लाइन थांबणार. रीलमधून काढून ट्रेमध्ये भरून १२५ ला ठेवता येतं, पण बारीक पायांचे आयसी हाताने हलवताना पाय वाकतात. ट्रेवर तापमान छापलेलं असतं. छापलेलं नसेल तर तो कमी तापमानाचाच समजायचा.

एकाच मालाला पुन्हा पुन्हा बेक करायचं नाही. ९० अंशांच्या वरचा सगळा वेळ मिळून ९६ तासांपुढे गेला तर पायांवर ऑक्साइड चढतं आणि सोल्डर धरत नाही. म्हणून चिठ्ठीवर बेकिंगचा रकाना वेगळा.

१२ जून: सोल्डर पेस्ट

पेस्टचा फ्रिज वेगळा, त्यात पाण्याची बाटली किंवा डबा नाही. ० ते १० अंश, डबीवर मुदत. फ्रिजरमध्ये नाही, फ्लक्स (पेस्टमधलं रसायन) वेगळा होतो.

काढल्यावर डबी बंद ठेवूनच चार तास. २४ अंश, ५० टक्क्यांच्या खोलीचा दवबिंदू १३ अंशांच्या आसपास. चार अंशांची डबी लगेच उघडली तर पेस्टवर थेट दव पडतं. मग रीफ्लोमध्ये सोल्डरचे बारीक गोळे उडतात. गरम पाण्यात, उन्हात, ओव्हनच्या पाठीवर डबी ठेवायची नाही. सकाळी आठची छपाई (बोर्डावर पेस्ट लावणं) असेल तर डबी चारला काढावी लागते. ते काम रात्रपाळीच्या ताईंच्या यादीत घातलं. स्टेन्सिलवरची (छपाईच्या पत्र्यावरची) उरलेली पेस्ट ताज्या डबीत परत नाही.

४ जुलै: पाऊस लागला, एसी पुरेना

अपेक्षेप्रमाणे. बाहेर २५ अंश, आर्द्रता ८५. दवबिंदू २२ च्या पुढे. खोली आधीच २४ वर असल्यामुळे एसीचा कॉम्प्रेसर बंदच राहतो आणि कॉम्प्रेसर चालल्याशिवाय हवेतलं पाणी निघत नाही. वर पंखा चालू राहिला तर कॉइलवरचं ओलं पाणी हवेत परत येतं. स्टोअरचं वाचन ६८ टक्के.

एसी १८ वर आणणं हा उपाय नाही. खोली थंड होते, भिंती आणि रॅक थंड होतात आणि दार उघडल्यावर बाहेरची हवा त्यांच्यावर दव सोडते. डीह्युमिडिफायर लावला, दिवसाला २४ लिटर क्षमतेचा, नळी थेट बाहेर. बादली ठेवली तर रात्री भरते आणि मशीन बंद पडतं. हे यंत्र खोली थोडी गरम करतं, त्यामुळे एसीही अधूनमधून चालू होतो. दोघं मिळून ५० वर आणतात. एसीचा पंखा 'ऑटो'वर.

९ जुलै

कॅबिनेटची पावसाळी परीक्षा. दार उघडून माल काढला, मिटलं, वाचन लिहिलं. मानकाची अपेक्षा: नेहमीच्या उघडझाकीनंतर एका तासात ठरलेल्या आकड्यावर परत. पाच दारं पास. सहाव्याची रबरी पट्टी कोपऱ्यात दबलेली, बदलली. कागदाची पट्टी दारात धरून ओढली आणि सहज निघाली तर तिथून हवा जाते.

२३ जुलै: कोरे पीसीबी

पीसीबीही पाणी पितात. एफआर-४ मध्ये काचेचे धागे आणि इपॉक्सी. रीफ्लोत थर फुगतात, पांढरे फोड दिसतात. साठवणुकीसाठी आयपीसी-१६०१ बघायचं.

आडवे, सपाट, थप्पी कमी. उभे ठेवलेले पातळ बोर्ड वाकतात. तयार बोर्डांचं उलट: ते रॅकच्या खाचांत उभे, एकमेकांना न टेकता.

फिनिशप्रमाणे (तांब्यावरच्या थराप्रमाणे) वागणूक बदलते. टिनचा गरम थर आणि सोन्याचा थर वर्षभर सहज टिकतात. ओएसपी म्हणजे तांब्यावरचा सेंद्रिय थर, त्याला साधारण सहा महिने. बोटांचे ठसे आणि बेकिंग दोन्ही त्याला मारक. चांदीच्या थराला गंधकाचं वावडं: वर्तमानपत्र, साधा पुठ्ठा, रबरबँड, सगळ्यात गंधक असू शकतं. पुरवठादाराचा गंधकरहित कागद फेकायचा नाही, पुन्हा तोच गुंडाळायचा. ओलावा शिरलेले टिन किंवा सोन्याच्या थराचे बोर्ड १०५ ते १२० अंशांना चारएक तास, पुरवठादाराला विचारून, थप्पीत हवा खेळेल असे. ते त्याच दिवशी वापरायचे.

तारखेच्या कोडचा घोळ: बोर्डावर '२३२४' छापलेलं आहे. काही कारखाने आधी आठवडा लिहितात, काही आधी वर्ष. २०२४ चा तेविसावा आठवडा की २०२३ चा चोविसावा? एका वर्षाचा फरक, ओएसपीच्या दुप्पट आयुष्याएवढा. म्हणून कोडवरून नाही, पॅकिंग लिस्टवरच्या तारखेवरून नोंद. लिस्ट नसेल तर माल स्वीकारण्याआधी पुरवठादाराकडून लेखी.

१८ ऑगस्ट

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची जुनी खोकी वेगळी काढली. दोन-तीन वर्षं पडून राहिलेल्याचा आतला ऑक्साइडचा थर पातळ होतो, विजेची गळती वाढते. नमुने घेऊन १ किलोओहममधून ठरलेला व्होल्टेज तासभर देऊन गळती मोजली. उतरली ते घेतले, न उतरलेले बाद. तापमान जितकं जास्त तितकं हे लवकर घडतं, म्हणून हे भाग वरच्या रॅकवर, सीलिंगजवळ ठेवायचे नाहीत. खालच्या रांगेत, पण जमिनीपासून एक फूट वर.

१६ सप्टेंबर: दुरुस्तीला आलेले बोर्ड

सोलापूरला पावसाचा जोर सप्टेंबरात. जळालेले स्टार्टरही याच दिवसांत जास्त येतात. त्यांच्याबरोबर चिखल, खताची पूड, मुंग्या, आणि रिलेच्या टोकांमध्ये चिकटलेली पाल. (पालीला ऊब हवी असते आणि ट्रान्सफॉर्मर गरम असतो, दोघांचा मेळ ठरलेला.) हे बोर्ड स्टोअरच्या दारातून आत येणार नाहीत. शेडच्या दुसऱ्या टोकाला वेगळं रॅक, वेगळा ब्रश, वेगळा ट्रे. खताची पूड ओल धरते आणि तांबं खाते. धुऊन, ६० अंशांना वाळवून, मगच दुरुस्तीच्या टेबलावर.

२१ ऑक्टोबर: दिवाळीची सुट्टी

सुट्टीत मेन स्विच बंद करायची पद्धत आहे. कॅबिनेट, पेस्टचा फ्रिज आणि डीह्युमिडिफायर यांना स्वतंत्र एमसीबी, त्यावर लाल पट्टी: 'बंद करू नये'. वीज गेली तरी दार बंद असेल तर कॅबिनेटमधला शोषक काही तास आर्द्रता धरून ठेवतो, म्हणून वीज गेल्यावर दार उघडून बघायचं नाही.

फीडरवरच्या सगळ्या रील उतरवून चिठ्ठीवर तास लिहून कॅबिनेटमध्ये. जागा न पुरणाऱ्या पातळी ३ च्या रील नव्या पुडीसह ओलावारोधक पिशवीत सील. हवा हलकेच काढायची. पूर्ण व्हॅक्यूम केला तर ट्रेचे कोपरे पिशवीला भोक पाडतात. सीलची पट्टी पूर्ण रुंदीची. पुड्यांचा डबा उघडा ठेवून गप्पा मारायच्या नाहीत, पुडी तिथेच भरून जाते.

११ नोव्हेंबर

गाळप सुरू झालं. जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, आणि रस शुद्ध करताना बऱ्याच ठिकाणी गंधकाचा धूर वापरतात. मळीच्या नाल्यांचा वास शेडपर्यंत येतो ते वेगळंच. चांदीच्या थराचे उरलेले बोर्ड मार्चपर्यंत राहू न देता आधी लाइनवर घ्यायचे, पुढची ऑर्डर सोन्याच्या थराची. चांदीच्या पट्टीचा एक तुकडा स्टोअरमध्ये आणि एक बाहेर टांगला आहे, दोन्हींचा रंग महिन्याला फोटो काढून ताडायचा.

बाकी कामं: हिवाळ्यात आर्द्रता ३० खाली जाते का ते बघून डीह्युमिडिफायर बंद करणं, सहाव्या दाराची पट्टी पुन्हा तपासणं, जानेवारीतल्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीआधी पेस्टची मुदत बघून ऑर्डर कमी करणं.